पाणाड्याचं दार

आमच्या गल्लीत पहिल्यांदा बोअरला पाणी लागलं तेव्हा माझ्या काखेत आठवीच्या मुलींचे भूगोलाचे पेपर होते. मी नुकतीच शाळेतून आले होते, चहासुद्धा झाला नव्हता. बोअरची गाडी सकाळपासून कोरडी धूळ उडवत होती, आणि एकदम तिचा आवाज बदलला. धूळ ओली झाली, मग गाळ आला, मग दोन पुरुष उंचीचा गढूळ फवारा. मी धावत जाऊन त्याच्याखाली उभी राहिले. पेपरांचा लगदा झाला. त्या सहामाहीत माझ्या वर्गात भूगोलात कुणी नापास झालं नाही, कारण सगळ्यांना मी अंदाजाने गुण दिले आणि अंदाज सढळ होता.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की मी कशी आहे ते कळावं. मला आनंद झाला की तो माझ्या एकटीत मावत नाही. आमचे हे म्हणतात, तुला काही आवडलं की गल्लीचं काही खरं नाही. ते सरकारी कचेरीतले शांत गृहस्थ, त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी, त्याआधी भिक्षुकी. मोठ्याने बोलणं त्यांना पाप वाटतं. पण त्या वर्षी टँकरच्या पाइपासाठी ड्रमवर चढून भांडताना मी त्यांनाही पाहिलंय.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे ज्वारीच्या रानांचे प्लॉट पडत होते तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. शहर रोज आमच्या दिशेने चार पावलं टाकत होतं, घरं उगवत होती, फक्त नळ उगवत नव्हते. आमच्या कॉलनीत तेरा घरं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. टँकर त्याच्या मर्जीने यायचा. ह्यांनी रीतसर एक यंत्रवाले साहेब आणले. त्यांनी तारा पसरल्या, आकडे लिहिले आणि जागा दाखवली. तिथे बोअर घेतला तर खालून नुसता फुफाटा आला.

ती धूळ बघत एक मेंढपाळ कुंपणापाशी उभा होता. चाळिशी उलटलेला, खांद्यावर घोंगडं, पायांत काही नाही. कन्नडच्या घाटाकडची ही माणसं, चाऱ्यासाठी इकडे उतरलेली. रुळांपलीकडे त्यांचा तळ होता आणि रिकाम्या प्लॉटांवर त्यांची मेंढरं चरायची. तो मला म्हणाला, "बाई, तिथं नाय. साहेबाचं चुकलं. हिकडं या जांभळापाशी बघा."

"तुम्हाला कसं कळतं?"

"कळतं. नारळ आना, सांगतो."

मी नारळ आणायला घरात पळाले. ह्यांनी कपाळाला हात लावला. त्याच दिवशी सकाळी मी वर्गात फळ्यावर खडकाचे थर काढून भूजल शिकवून आले होते, आणि दुपारी एका पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी बघणाऱ्याच्या, मागे नारळ घेऊन धावत होते. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आत्ता वाटतं, पण तेव्हाची मजा त्यामुळे कमी होत नाही.

नारळ घेऊन लगेच कामाला लागायचं सोडून तो ओट्यावर बसला आणि आधी अटी सांगितल्या. जागा सकाळच्याला बघायची, अनवाणी. दिवसाला एकच. बिदागी म्हणून तोच नारळ, दुसरं काही घेणार नाही. पाणी लागायच्या आत तो निघून जाणार, आणि त्या जागेचं पाणी कधी तोंडाला लावणार नाही.

"आन् पाणाड्याला दार नसतं," तो म्हणाला. "म्हंजी आपल्या दारात नारळ धरायचा नाय. माझ्या आत्यानं मला ह्ये शिकवलं. ती म्हनायची, दुसऱ्याच्या दारी दिसंल, आपल्या दारी इचारू नको. इचारशीला तर हाय ते बी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नारळ आडवा करून तळहातावर ठेवला, शेंडी पुढे, आणि चालू लागला. जांभळापासून दोन हातांवर तो नारळ उठून उभा राहिला. मी शपथेवर सांगते, उभा राहिला. त्याने दगड ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, नारळ घोंगड्यात बांधला आणि रुळांकडे निघून गेला. दीडशे फुटांवर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मग काय, गल्ली वेडी झाली. आणि सगळ्यात पुढे मी. सगळे त्याला मामा म्हणू लागले. शेजारच्या घरी जागा बघितली, पाणी. कोपऱ्यावरच्या घरी, पाणी. मी एका जुन्या वहीवर 'मामांच्या तारखा' असं लिहिलं आणि कुणाकडे कधी जायचं ते मीच ठरवू लागले. शाळेतल्या सहशिक्षिका मधल्या सुट्टीत माझ्याकडे तारीख मागायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनीसुद्धा मागितली, आणि मी त्यांना दहा दिवस थांबवलं. ते सुख मी विसरणार नाही.

प्रत्येक बोअरला मी हजर. आधी माती, मग मुरूम, मग काळा खडक, मग पोकळ भोकाभोकांचा तांबूस दगड. तो आला की मी पदर खोचायचे, कारण त्याच्यामागून पाणी येतं हे मला पाठ झालं होतं. मुलींना मी शिकवायचे तेही अगदी हेच. पुस्तकातल्या चित्रात मात्र विहीर एकच होती.

कॉलनीच्या मंडळाने मामांचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं. मामांनी सवयीने नारळ आडवा करून तळहातावर घेतला. आधी लोक हसले आणि मग एकदम पुढे सरकले, कारण नारळ हलला होता. मांडवाच्या त्याच कोपऱ्यात पुढच्या महिन्यात मंडळाने बोअर घेतला. तिथेही लागलं.

दिवसाला एक जागा आता पुरेना. यादी लांबत चालली होती आणि लोक माझ्या दारात तिष्ठत बसायचे. बोअरच्या गाडीचा एजंट तर रोजच यायचा. त्याची दख्खनी मोठी गोड होती. "मामू, अल्ला ने तुम्हारे हाथ में दर्या दिया, और तुम दिन को एकच पॉईंट निकालते? कायको? लोगां प्यासे हैं."

मामा माझ्याकडे बघायचे. मी काय म्हणते याची ते वाट बघत होते, हे मला तेव्हा नीट कळलं होतं. मी म्हणाले, "मामा, तहानलेल्याला पाणी दाखवण्यात कसला आलाय नियम?" आणि ह्यांचं जुनं मनगटी घड्याळ मी त्यांच्या हाताला बांधलं. एकाच्या तीन जागा झाल्या, मग पाच. सगळ्या सकाळीच कशा होणार? मग उन्हात. उन्हात पाय भाजतात, म्हणून चपला आल्या. पाणी तरीही लागत होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

सगळा दोष मी माझ्याकडे घेतला तर मामांवर अन्याय होईल. त्यांनाही चढलं होतं. एके दिवशी ते आमच्या गच्चीवर चहा प्यायला आले. चहाचं पाणी टँकरचं आहे ना, हे विचारून मगच कप तोंडाला लावला. तोवर प्रत्येक छपरावर प्लास्टिकची काळी टाकी बसली होती. मामा काठीने एकेक टाकी दाखवू लागले. "ती माझी. ती बी माझीच. त्या मंदिरामागची दिसती का, ती बी." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाही भरून आलं. "बाई, मेंढरामागं चालताना मला कुनी नावानं हाक मारली नाय. आता ह्ये समदं नगर माझं पानी पितंय."

"मग तुम्हीही इथेच राहा की," मी म्हणाले. "आमच्या मागचा प्लॉट रिकामा आहे. मेंढरं विका. घर बांधा, अंगणात बोअर घ्या. नगराला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या बायकोने रुळांपलीकडे हंडा घेऊन का फिरावं?"

हे बोलताना मला इतका आनंद होत होता. दुसऱ्याचं आयुष्य मार्गी लावण्याइतकं स्वस्त सुख नाही.

मामी खाली अंगणात चातीवर लोकर कातत बसल्या होत्या. वाळलेल्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ऐकलं होतं. मी खाली गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. नारळाचं खरं मानता, मंग आत्याच्या शब्दाचं का नाय?"

"नारळ डोळ्यांना दिसतो, मामी. शब्दाचं काय, ती अंधश्रद्धा."

मामींनी सूत तोडलं, गाठ मारली आणि पुन्हा चाती फिरवली. मला वाटलं, मी जिंकले.

मेंढरं गेली. प्लॉट झाला, आमच्या भिंतीला भिंत लावून. दोन खोल्या उठल्या, पत्र्याचं छत, आणि समोर निळ्या रंगाचं दार. चौकट बसवली त्या दिवशी मामा चारदा आत-बाहेर करून आले. मग मंडळाच्या सभेत, सगळ्यांसमोर, त्यांनी जाहीर केलं. वास्तूच्या दिवशी आपल्या अंगणात बोअर घेणार, सगळ्यांनी यायचं. कुणीतरी गमतीने विचारलं, "मामा, नाही लागलं तर?"

"नाय लागलं तर ह्या हातात पुन्यांदा नारळ धरनार नाय," मामा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

त्या उन्हाळ्यात हे एकदा म्हणाले होते, "हल्ली टाकी भरायला दोन तास लागतात. आधी पाऊण तासात व्हायची." मी म्हणाले, मोटार जुनी झाली असेल. मोटार वर्षाचीही नव्हती.

बोअरचा दिवस उजाडला. मी शाळेतून रजा काढली होती. आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं. शेजारी बोअर होऊ लागला की आपल्या बोअरला दोन-तीन दिवस गढूळ पाणी येतं. म्हणून शहाणी माणसं आधीच टाक्या भरून घेतात. मी शहाणी. पहाटेपासून घरोघर जाऊन मीच सांगत सुटले, "मोटारी लावा, सगळं भरून घ्या, आज मामांचा बोअर आहे." तेराच्या तेरा घरांच्या मोटारी घुमू लागल्या. माझी सगळ्यात आधी लागली, आणि त्या गडबडीत ती चालू आहे हे मी विसरले.

मामांनी आपल्याच अंगणात नारळ धरला. त्या दिवशी ते पुन्हा अनवाणी होते आणि घड्याळही त्यांनी काढून ठेवलं होतं. नारळ उभा राहिला. ताठ, पहिल्या दिवशीसारखा. मामांनी मागे वळून मामींकडे पाहिलं. मामी निळ्या दारात उभ्या होत्या. त्या हसल्या, आणि मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

गाडी सुरू झाली. अख्खी कॉलनी गोळा झालेली. गूळ-खोबरं आधीच वाटून झालं होतं. शंभर फूट. दीडशेला सगळ्यांनी माना उंचावल्या, कारण आमच्याकडे दीडशेलाच लागलं होतं. आणि तांबूस भोकाभोकांचा दगड आला सुद्धा. मी ओरडले, "आलं, आता येतंय." दगड आला, पण कोरडा. हाताने चुरला तर पीठ. दोनशे. अडीचशे. मामांच्या फेट्यावर, भुवयांवर, ओठांवर धूळ बसली. एजंट त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "मामू, बस करते क्या?" मामांनी मान हलवली नाही, नुसतं खाली बोट दाखवलं. अजून. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी मी म्हणत होते, लागेल, लागेल.

साडेतीनशेच्या पुढे गेल्यावर गाडी क्षणभर थांबली, पुढचा रॉड जोडायला. त्या शांततेत पाण्याचा आवाज आला. खळखळून, स्वच्छ. गर्दीतून एकच कल्ला उठला, "पाणी, पाणी." लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी तर नाचले. मामांनी हात जोडून डोळे मिटले. मग त्यांच्या अनवाणी पावलांना ओलं लागलं. त्यांनी डोळे उघडून पाणी येतंय कुठून ते पाहिलं. ते आमच्या बाजूने येत होतं. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि ते पाणी भिंतीवरून ओघळून, गल्लीतून वळसा घेऊन, त्यांच्या दारात पोचलं होतं.

सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. हे धावत घराकडे गेले. मामा माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, मोटार बंद करा. वाया चाललंय."

चारशेला गाडी थांबली. लोक पांगले. दोन दिवसांत गल्ली बोलू लागली. ज्याला स्वतःच्या दारात दिसलं नाही, त्याला दुसऱ्याच्या दारात काय दिसणार? ज्यांचे बोअर आटत आले होते तेही म्हणू लागले, मामांनी दाखवलेली जागाच खोटी होती. माझ्या वहीतल्या तारखा माणसं येऊन स्वतःच खोडून गेली.

आठवड्याभराने दुसऱ्या तुकडीला तोच धडा शिकवायची वेळ आली. मी फळ्यावर थर काढले, मधला पाण्याचा थर निळ्या खडूने रंगवला, विहीर काढली. का कोण जाणे, शेजारी दुसरी काढली. मग तिसरी. तेरा विहिरी काढल्यावर फळा संपला आणि निळा खडूही. एकाच माठाला तेरा पेले लावले होते आम्ही, आणि पाजणारा स्वतः प्यायला आला त्या दिवशी सकाळपासून मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, भरून घ्या, भरून घ्या. दिवसाला एक जागा. पाणाड्याने तिथे राहायचं नाही. आत्याबाईंना थर माहीत नसतील, पण माठ माहीत होता.

तास अर्धा टाकून मी घरी पळाले. मामा निळ्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. नारळ खोटा नव्हता. खाली पाणी होतं. खडकातली तीच फट आमच्याकडे येते, आम्ही सकाळपासून ओढलं, म्हणून तुम्हाला कोरडं लागलं. मला रडूही येत होतं आणि कधी एकदा सांगते असंही झालं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजी व्हतं."

"होतं, मामा."

"मंग आत्या खरं बोलली," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावला. मी शास्त्र सांगायला गेले होते, त्यांनी त्यातून नशीब उचललं. दोन्हीत काही फरक होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी भिंतीवरून पाइप टाकून देते म्हणाले. त्यांनी नको म्हटलं. "म्या दाखवलेलं पीत नाय, बाई. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या." मामी पुन्हा रुळांपलीकडे हंडा घेऊन जाऊ लागल्या. प्लॉट आणि घर विकून ती दोघं मृगाच्या आधी निघाली. दुसऱ्या कुणाची तरी मेंढरं राखायला, घाटाकडे.

निघायच्या सकाळी मामा आमच्या फाटकात आले. खांद्यावर तेच घोंगडं. घड्याळ त्यांनी माझ्या हातात दिलं. मग जांभळाखालच्या नळाकडे बघत म्हणाले, "जरा सोडता का?"

मी नळ सोडला. ते खाली बसले. ज्या तळहातावर नारळ उभा राहायचा तोच त्यांनी धारेखाली धरला आणि त्यातूनच पाणी प्यायले. दोनदा, तीनदा. मामी फाटकाबाहेर थांबल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी काय बघतेय हे मला कळत होतं. आता पाळायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

फेट्याच्या टोकाने तोंड पुसून ते उठले.

"लई गोड हाय," ते म्हणाले, "मला वाटलंच व्हतं." आणि नळ त्यांनी स्वतःच्या हाताने घट्ट बंद केला.